टीव्हीवर सारखं तेच तेच का? केबलच्या वसुलीला गेल्यावर लोक विचारतात ते प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात मी १९९८ पासून केबल चालवतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वसुलीला निघालो की अशोक चौकापासून विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीपर्यंत दारोदारी उभं राहावं लागतं, आणि पैसे मोजून होईस्तोवर प्रश्न ठरलेले असतात. पूर्वी विचारायचे, "मुंग्या का येताहेत?" आता चित्र लख्ख आहे आणि प्रश्न बदललाय: "दादा, लावावं तिथं कढई, नाहीतर सासू. दुसरं काही येतंय का नाही?" उंबऱ्यात उभं राहून याचं उत्तर पुरं होत नाही. म्हणून इथं बसून लिहिलंय.

टीव्हीवर स्वयंपाकाचे कार्यक्रम खरंच जास्त झालेत का?

दुपारी टीव्ही लावणाऱ्याला जास्तच वाटतात आणि त्याचं वाटणं खोटं नाही. मराठी मनोरंजनाच्या चॅनेलवर दुपार म्हणजे स्वयंपाक आणि काल रात्रीच्या मालिकांचं पुनःप्रक्षेपण. नुसत्या खाण्याला वाहिलेले चॅनेल वेगळे. शिवाय जे कार्यक्रम स्वयंपाकाचे नाहीत त्यांतही स्वयंपाक शिरलाय. दिवाळीत बातम्यांच्या चॅनेलवर फराळ, गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांसाठी स्पर्धकाच्या आईनं आणलेला डबा, मालिकेत ओट्याशी उभी राहून रडणारी सून. म्हणून माणसाला वाटतं की दिवसभर टीव्हीवर काहीतरी शिजतंच आहे.

रात्री सातनंतर कढई मागं पडते, मालिका पुढं येतात. पण तिथंही तेच. माझं स्पष्ट मत असं की कार्यक्रम किती आहेत हे दुखणं नव्हे. एकच कार्यक्रम शंभर वेळा बनतोय, हे दुखणं आहे. शंभर कार्यक्रमांत शंभर गावांची चूल दिसली असती तर मी एका शब्दानं बोललो नसतो.

हे सुरू कधीपासून झालं?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा चॅनेल एकच आणि वेळही मोजकी, त्यामुळे शेतकऱ्यांना, बायकांना, मुलांना थोडं थोडं वाटून द्यावं लागे. पुढच्या आठवड्यात काय लागणार हे सांगायला 'साप्ताहिकी' असायची आणि लोक तीही बसून बघायचे. १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर आमटीची लाल तर्री दिसणार तरी कशी? खाणं दाखवण्याची खरी गोडी रंग आल्यावरच लागली.

खासगी चॅनेल आल्यावर १९९३ मध्ये संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. पांढऱ्या कोटातला एक पुरुष हसत हसत फोडणी देतोय, हे तेव्हा नवं होतं. माझी मोठी बहीण वहीत लिहून घ्यायची. १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, २००० मध्ये ई टीव्ही मराठी आलं, आणि दुपारच्या वेळी मराठी गृहिणीला मराठीत सांगणारे कार्यक्रम मिळाले. प्रशांत दामले यांनी 'आम्ही सारे खवय्ये' असा काही रंगवला की स्वयंपाक न येणारेही बघत बसायचे. २०१० मध्ये मास्टरशेफची हिंदी आवृत्ती आली, २०११ मध्ये संजीव कपूर यांचा स्वतःचा फूड फूड चॅनेल आला. पातेल्याशेजारी घड्याळ आणि स्पर्धा आली ती याच सुमाराला.

चॅनेलवाले नवीन काही का करत नाहीत?

पैसा आणि भीती.

आधी पैसा. स्वयंपाकाच्या कार्यक्रमाला एकच सेट लागतो. ओटा, गॅस, मागे रंगवलेल्या बरण्या. दिवे एकदा लावले की हलवायचे नाहीत. एका दिवसात तीन-चार भाग उरकता येतात. नट कमी आणि कथा नाही. वर तेलवाला, मसालेवाला, मिक्सरवाला, कुकरवाला स्वतःहून प्रायोजक व्हायला येतो, कारण त्याचा माल जाहिरातीच्या वेळेआधीच ओट्यावर मांडलेला असतो. तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात दाखवायची नाही असं केबल टेलिव्हिजनच्या नियमांत लिहिलंय, पण ओट्यावर उभा असलेला मसाल्याचा डबा त्या १२ मिनिटांत कोण मोजतो? शिवाय पदार्थ शिळा होत नाही. पाच वर्षांपूर्वीचा भाग आज लावला तरी श्रीखंड ते श्रीखंडच.

आता भीती. नवीन कार्यक्रम चालेल की पडेल हे कुणालाच माहीत नसतं. परदेशात, नाहीतर दुसऱ्या भाषेत चाललेला कार्यक्रम घेतला की निदान पडला तरी नोकरी वाचते. म्हणून साचे विकत घेतले जातात. 'कौन बनेगा करोडपती' मूळ ब्रिटनचा, १९९८ मधला. हिंदीत २००० मध्ये आला, मराठीत २०१३ मध्ये. 'बिग बॉस'चं मूळ १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये. मराठीत यायला २०१८ उजाडलं. मास्टरशेफही ब्रिटनचाच, १९९० चा.

आपल्या गावात हे समजावून सांगायला वेगळा दाखला नको. चादरीच्या मागावर जेकार्डचे पत्ते, म्हणजे नक्षी ठरवणारे भोकं पाडलेले पुठ्ठे, तेच ठेवले आणि नुसतं सूत बदललं, तर मोर तोच उमटणार. लाल सुतात लाल मोर, निळ्यात निळा. नवा मोर हवा असेल तर पत्ते नव्यानं पाडावे लागतात, आणि त्या कामाला वेळ लागतो, पैसा लागतो, कारागीर लागतो.

मालिकाही सगळ्या एकसारख्याच का वाटतात?

वाटतात असं नाही, असतात. माझ्या भागात एक तीन मजली इमारत आहे. खाली मराठी कुटुंब, वर तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब, त्यांच्या शेजारी अक्कलकोटकडून आलेलं कानडी घर, सगळ्यात वर हिंदी बघणारे. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बॉक्स दुरुस्तीला गेलो. खाली 'आई कुठे काय करते', वर तेलुगूत 'इंटिंटी गृहलक्ष्मी'. त्या कानडी घरात 'इंती निम्मा आशा' लागायची आणि सगळ्यात वर 'अनुपमा'. चारही घरांत एकच बाई. घरासाठी राबलेली, नवऱ्यानं फसवलेली, मग उभी राहिलेली. मूळ गोष्ट बंगाली, 'श्रीमोयी' नावाची, २०१९ ची.

गोष्ट चांगली होती, त्याबद्दल वाद नाही. मूळची वेदना खरी होती. पण जिन्यावरून उतरताना मला वाटलं, या चार घरांच्या चार वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या अक्कांच्या सासऱ्यांनी तेलंगणातून येऊन इथं माग टाकला, खालच्या काकूंचे वडील गिरणी बंद पडल्यावर घरी बसले. यातली एकही कधी टीव्हीवर येणार नाही, आणि चौघीजणी एकाच परक्या बाईसाठी डोळे पुसतायत.

टीआरपी म्हणजे नक्की काय? आमच्या घरी तर कधी कुणी विचारायला आलं नाही.

माझ्याही नाही. टीआरपी म्हणजे कुठला कार्यक्रम किती बघितला जातो त्याचं माप. २०१५ पासून बार्क नावाची संस्था हे मोजते, त्याआधी टॅम मोजायची. देशभरात निवडलेल्या ५० हजारांहून जास्त घरांत एक यंत्र बसवलेलं असतं. चॅनेलच्या आवाजात माणसाच्या कानाला कळणार नाही अशी एक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला आपापलं बटण असतं, बघायला बसलं की दाबायचं. घरं कोणती हे गुप्त ठेवतात, ठेवायलाच हवं. दर आठवड्याला आकडे येतात.

बार्कच्याच २०२० च्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी. म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक यंत्र. आकडेशास्त्राच्या हिशेबानं तेवढं पुरतं असं म्हणतात आणि मोठ्या चॅनेलच्या बाबतीत ते मी मान्य करतो. पण लहान चॅनेल, वेगळा कार्यक्रम, थोड्या लोकांचा पण जिवाभावाचा, तो या चाळणीतून गळून जातो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टीआरपीत गडबड केल्याचा आरोप झाला, मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला, बातम्यांच्या चॅनेलचे आकडे थांबले ते थेट मार्च २०२२ ला पुन्हा सुरू झाले.

लोक बघतात म्हणूनच दाखवतात ना? मग दोष कुणाचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाकडून, आणि बोट बायकोकडे दाखवून. म्हणून यावर जरा थांबून बोलतो.

विडी घरकुलात दुपारी कुठल्याही घरात जा. जमिनीवर बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, दोन बोटांत वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हजाराचा हिशेब असतो. नजर हातावरून हलली तर विडी बिघडते, आणि बिघडलेली विडी कारखान्यात बाजूला काढतात. टीव्ही तिच्यासमोर चालू असतो आणि ती त्याच्याकडे बघत नाही. ती ऐकते.

ऐकणाऱ्या माणसाला काय लागतं? ओळखीचा आवाज. मागच्या भागात काय झालं ते पुन्हा सांगणं. दुष्ट बाई आली की वाजणारं ठरलेलं संगीत, म्हणजे मान वर न करता कळतं कोण आलं. पदार्थ करताना "आता यात एक चमचा हळद" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणणं. यंत्रमागाच्या शेडमध्ये तर खटखटाटात आवाजही ऐकू येत नाही, तरी कोपऱ्यात टीव्ही चालू असतो.

एका अक्कांना मी विचारलं होतं, "अक्का, तो स्वयंपाकाचा कार्यक्रम कसा वाटतो?" त्या म्हणाल्या, "कुठला? कुणीतरी बोलतंय घरात, एवढं बरं वाटतंय बघ."

यंत्रातल्या आकड्यात हे "बघणं" म्हणून जमा होतं. चॅनेलवाल्याला वाटतं, बाईला पनीर आवडलं. बाईला सोबत आवडली होती. म्हणून बायकांना दोष देऊ नका. जिचे हात दिवसभर कामात आहेत तिनं एकट्या घरात आवाज लावून ठेवला, यात तिची काय चूक? चूक असलीच तर ती सोबत गृहीत धरून तिच्यासमोर काहीही वाढणाऱ्यांची.

तेच तेच असणं मुळातच वाईट आहे का?

नाही. काकडआरती रोज तीच असते. पंढरपूरची वारी दरवर्षी त्याच वाटेनं जाते. आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज दर संक्रांतीला निघतात, आणि पाहिले नाहीत असं कुणी आहे का गावात? तरी गर्दी असतेच. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं २८ मार्चपासून १९८७ चं 'रामायण' पुन्हा दाखवलं तेव्हा माझ्या भागातल्या घराघरांतून एकाच वेळी तोच आवाज यायचा. ज्यांना प्रत्येक प्रसंग पाठ होता तेच सगळ्यात पुढं बसले होते.

'होम मिनिस्टर' घ्या. २००४ पासून २०२२ पर्यंत चालला. साचा एकच, आदेश बांदेकर दारात येणार, वहिनी म्हणणार, खेळ होणार, पैठणी मिळणार. पण दार रोज वेगळं. आत गेल्यावर भेटणारी सासू वेगळी, घराचा फोटो वेगळा, लग्न कसं जमलं ती गोष्ट वेगळी. चौकट तीच राहिली तरी आत रोज नवा माणूस येत होता, म्हणून १८ वर्षं लोकांना तो परका वाटला नाही. आजच्या बऱ्याच कार्यक्रमांत चौकटही तीच आणि आतही तेच चार चेहरे, एका चॅनेलवरून उठून दुसऱ्यावर बसलेले.

मग स्वयंपाकाच्या कार्यक्रमांवर तुमची नेमकी तक्रार काय?

एक प्रसंग सांगतो. माझी आई दुपारी टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर सोलापुरी शेंगा चटणी करून दाखवत होते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, सगळं मिक्सरच्या भांड्यात, दोनदा फिरवलं, वाटीत काढलं, वर कोथिंबीर. सूत्रसंचालिकेनं बोटाला लावून चाखली आणि डोळे मिटले. आई म्हणाली, "ही चटणी नव्हे, कूट आहे. तेल कुठं सुटलंय?"

मग उठून तिनं मला करून दाखवली, जशी दरवेळी करते. मंद आचेवर शेंगदाणे इतके भाजायचे की साल हाताला लागताच निघावी, करपता कामा नयेत. चोळून, पाखडून साल काढायची. उखळात शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून कुटायचं. जोरात नाही. मुसळाच्या वजनानं दाणा दबला पाहिजे. आधी कोरडा चुरा होतो, मग तो ओलसर दिसायला लागतो, मग उखळीच्या कडेला तेलाची चकाकी येते आणि चटणी मुठीत दाबली की बोटांचे ठसे धरते. तिथं थांबायचं. मिक्सरचं पातं दाणा कापतं, दाबत नाही, म्हणून नुसती पूड होते. कोथिंबीर घातली तर ती दोन दिवसांत खराब होणार. आपली चटणी प्रवासाला, वारीला, परगावी शिकणाऱ्या पोराच्या डब्याला जाते, ती टिकली पाहिजे.

हे सांगायला कार्यक्रमात वेळ नसतो. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की वीस-पंचवीस मिनिटं उरतात, त्यात दोन पदार्थ आणि गप्पा. म्हणून ज्या गोष्टी हाताला शिकाव्या लागतात त्या टीव्हीवर येतच नाहीत. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर उकळतं पाणी घालून कसं मळायचं, भाकरी थापताना परातीत ती आपोआप फिरली पाहिजे म्हणजे काय, कडक भाकरी पापडासारखी पातळ करून मंद तव्यावर किती वेळ वाळू द्यायची. त्याऐवजी चीज घातलेलं थालीपीठ येतं, कारण ते चार मिनिटांत होतं आणि चीजवाला प्रायोजक आहे. नवीन पदार्थाला माझा विरोध नाही. मुलं आवडीनं खातात, खाऊ द्या. पण ज्या गावाच्या नावावर पदार्थ विकता त्या गावातल्या एका बाईला तरी विचारा.

आपल्याकडचं जेवण टीव्हीवर का येत नाही?

येतं, पण "सोलापुरी" या एका शब्दात उरकतं. सोलापूरचं जेवण एक नाही. एका अंबाडीच्या जुडीचं बघा. मंगळवारी बाजारातून मराठी काकू तीच जुडी नेतात, तिला अंबाडी म्हणतात, ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून शिजवतात, वर लसणाची फोडणी. पूर्व भागातल्या अक्का त्याच जुडीला पुंटीकूर म्हणतात आणि आंबट-तिखट पचडी वाटतात. कानडी घरात ती पुंडी पल्ल्या होते आणि कडक भाकरीशी खाल्ली जाते. पाला तोच, तीन भाषा, तीन चवी, अंतर एका गल्लीचं. भाजी विकणाऱ्या मावशींना तिन्ही नावं येतात, त्या गिऱ्हाईकाचा चेहरा बघून नाव घेतात.

हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे, आयता. शेंगा पोळी, हुलग्याचं माडगं, धपाटे, हुरड्याच्या दिवसांत शेतातली आगटी, मंगळवेढ्याची ज्वारी: एकेकावर एकेक भाग होईल. सेट लागणार नाही. लागेल तो गावात येऊन राहणारा माणूस, आणि चॅनेलला परवडत नाही तो तोच.

खाण्याचे चॅनेल काढून टाकले तर बिल कमी होईल का?

बहुतेकांचं होत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमानं चॅनेल सुटे निवडता येतात, त्याची किंमत वेगळी छापलेली असते. पण तुम्ही घेतलाय तो बहुधा पॅक असतो. पॅकमधला एक चॅनेल नको म्हटलं तर पॅकची किंमत तीच राहते. पॅक मोडून फक्त हवे ते सुटे घेतले तर काहींचं कमी होतं, काहींचं वाढतं. वही-पेन घेऊन बसा, घरात खरंच लागणारे चॅनेल लिहा आणि मला द्या, मी बेरीज करून सांगतो. दहा-बारा चॅनेलच्या वर यादी जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि मराठी मनोरंजनाच्या चॅनेलवरचा दुपारचा कार्यक्रम तेवढा वगळता येत नाही. चॅनेल आला की तो आलाच.

तुम्ही केबलवाले चांगले कार्यक्रम का लावत नाही?

एके काळी लावायचो. डिजिटल बॉक्स यायच्या आधी केबलवाल्याचा स्वतःचा एक चॅनेल असायचा, रात्री साडेनवाला पिक्चर लागायचा, लोक दुकानात फर्माईश देऊन जायचे. कुणाच्या घरी लग्न असलं की त्याची कॅसेटही लावा म्हणायचे. २०१३ च्या आसपास बॉक्स आले आणि सगळं वरून, बंद कुलपात येऊ लागलं. चित्र सुधारलं. माझ्या हातात आता वायर, बॉक्स आणि पावती आहे.

आम्ही काय बघतो ते तुम्हाला दिसतं का?

नाही. आपले साधे केबल बॉक्स एकतर्फी आहेत, वरून खाली. तुमच्या घरून माझ्याकडे काही येत नाही. निर्धास्त राहा.

तक्रार करायची तर कुठं?

२०२१ च्या नियमांनुसार पहिली तक्रार थेट चॅनेलकडे करायची, चॅनेलनं १५ दिवसांत उत्तर द्यायचं. समाधान झालं नाही तर चॅनेलांच्या स्वनियमन संस्थेकडे, आणि शेवटी सरकारकडे. पण हे सगळं आक्षेपार्ह गोष्टींसाठी आहे. "कंटाळा आला" हा नियमभंग होत नाही आणि होऊही नये, नाहीतर सरकारच ठरवेल आपण काय बघायचं.

एक गोष्ट मात्र हक्कानं विचारता येते. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चॅनेलांनी रोज ३० मिनिटं लोकहिताचं काही दाखवावं असं आहे. शेती, शिक्षण, आरोग्य, विज्ञान, सांस्कृतिक वारसा असे विषय त्यात येतात. तुमच्या आवडत्या चॅनेलला पत्र लिहून विचारा, तुमची ती ३० मिनिटं कधी असतात आणि त्यात आमचा जिल्हा कधी होता? शिवी देणारी शंभर पत्रं टोपलीत जातात. नेमकं मागणारं पत्र निदान कुणीतरी वाचतं.

बातम्यांच्या चॅनेलचं काय?

त्यांच्याकडे दिवसाचे २४ तास आहेत आणि वार्ताहर मोजके. म्हणून एकच चित्रफीत दिवसभर फिरते. सकाळी एकदा आणि रात्री एकदा बघा, मधलं काही चुकत नाही.

मोबाईलवर बघितलेलं बरं नाही का?

शिकायचं असेल तर बरं. गावाकडच्या बायका स्वतःच्या चुलीवर करून दाखवतात, वेळेचं बंधन नाही, थांबवून पुन्हा बघता येतं. माझी सून तिथूनच कडक भाकरी शिकली, टीव्हीवरून नाही. पण मोबाईलही तुम्ही एकदा जे बघितलं तेच पुढं करत राहतो. चटणी बघितली की आठवडाभर चटण्या. शिवाय तो एकट्यानं बघायचा. आजीला कळत नाही नात कशाला हसतेय. टीव्हीचं एवढं चांगलं होतं की सगळे एकाच गोष्टीला हसायचे, आणि ते मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

मग सध्या बघायचं तरी काय?

सह्याद्री लावून बघा. लोक तो यादीत ठेवतात आणि कधी लावत नाहीत. शेतीचं, गाण्याचं, जुन्या मुलाखतींचं तिथं अजून मिळतं आणि पैसे लागत नाहीत. ज्या आजींना, अक्कांना सोबतीसाठीच आवाज हवा आहे त्यांच्यासाठी आकाशवाणीचं सोलापूर केंद्र आहे. हात कामात असणाऱ्यांसाठी रेडिओ टीव्हीपेक्षा बरा, बघण्याचं ओझंच नाही. आणि घरात कुणीच बघत नसेल तेव्हा बंद करा. यंत्र तुमच्या घरी नसेल, पण चालू टीव्हीला "बघतोय" समजणारी सवय सगळ्यांची सारखीच आहे.

आपल्या लोकल चॅनेलवर आपलंच काही दाखवता येणार नाही का?

येईल, आणि ठरलंय. मला सिग्नल देणाऱ्या वरच्या ऑपरेटरच्या लोकल चॅनेलवर अर्धा तास मागून घेतला आहे. अंबाडीच्या जुडीपासून सुरुवात. काकू, अक्का आणि कानडी घरातल्या अव्वा, तिघींनी होकार दिलाय. सेट नाही, त्यांच्याच स्वयंपाकघरात, जितका वेळ शिजायला लागेल तितका वेळ. अक्कांची एकच अट आहे की त्या तेलुगूतच बोलणार, मराठी ओळी खाली लिहायच्या. माझ्या पुतण्याकडे कॅमेरा आहे, पण स्वयंपाकघर अंधारं आहे आणि उजेडाची सोय अजून झालेली नाही. कुणाकडे लग्नाच्या शूटिंगचा दिवा पडून असेल तर वसुलीला येईन तेव्हा सांगा, सोबत घेऊनच जाईन.